तोबाकाठची चूल

जुन्नर तालुक्यात कुकडीच्या काठी बोरी बुद्रुक नावाचं गाव आहे. नदीने कापलेल्या तिथल्या दरडीत, मातीच्या थरांच्या मधोमध, राखाडी-पांढऱ्या भुकटीचा एक थर दिसतो. चिमूटभर उचलून बोटांत चोळलं तर आधी पिठूळ लागतं, मग बारीक कचकचतं. ती भुकटी म्हणजे काचेचे अतिसूक्ष्म तुकडे आहेत. ज्वालामुखीची राख. पण ही राख सह्याद्रीची नव्हे; आपल्या डोंगरांचा लाव्हा निवून ६ कोटींहून अधिक वर्षं झाली. डेक्कन कॉलेजच्या आणि इतर संशोधकांनी या राखेचा आणि तिच्या सोबतीने सापडलेल्या दगडी हत्यारांचा अभ्यास केला. राखेची रासायनिक घडण जुळली ती इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटावरच्या तोबा ज्वालामुखीशी. ती तोबाच्या कोणत्या उद्रेकाची, यावर मात्र अभ्यासकांत मतभेद आहेत. काहींच्या मते ती सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वीची, काहींच्या मते त्याहून कितीतरी जुनी, ८ लाख वर्षांच्या आसपासची. तोबा तेवढ्या काळात पुनःपुन्हा पेटला होता.

माझे वडील जुन्नरकडचे. त्यामुळे ती दरड मी पाहिली तेव्हापासून एक ओढ लागून राहिली होती: तीन हजार किलोमीटरहून अधिक अंतर कापून आपल्या नदीकाठी येऊन पडलेल्या या राखेचं माहेर एकदा पाहायचं. सुमात्राला जायचा योग आला तेव्हा मेदान शहरातून पारापातला गेले, रात्री तिथे राहिले, आणि तोबा सरोवरासाठी आणि त्यातल्या सामोसिर बेटासाठी एक सबंध दिवस राखून ठेवला.

सकाळी पारापातच्या धक्क्यावर उभं राहिलं की पहिली जाणीव होते ती रुंदीची. समोर डोंगर दिसतो, पण तो सरोवराचा पलीकडचा काठ नसतो. ते असतं मधलं बेट. सरोवर लांबीला सुमारे १०० किलोमीटर, रुंदीला ३०. क्षेत्रफळ ११०० चौरस किलोमीटरच्या वर, आणि खोली काही ठिकाणी ५०० मीटरपर्यंत. मधलं सामोसिर एकटंच जवळपास बृहन्मुंबईएवढं आहे. हे सगळं समुद्रसपाटीपासून ९०० मीटर उंचीवर. विषुववृत्त इतकं जवळ असूनही हवेत गारवा होता, आणि चढावरच्या पाइनच्या झाडांमधून धुकं सावकाश उतरत होतं.

या सुंदर पाण्याखाली काय आहे ते ठाऊक असेल तर पाहणं बदलतं. सुमात्राच्या पश्चिमेला समुद्राच्या तळाशी भारतीय-ऑस्ट्रेलियन भूपट्ट सुमात्राखाली सरकत जातो. आपण ज्या भूपट्टावर राहतो त्याचीच ती पूर्वेकडची कड. खोल गेल्यावर तिथला खडक वितळायला लागतो आणि वर चढणारा शिलारस पोटात साठत राहतो. सह्याद्रीचा लाव्हा पातळ होता. तो थरावर थर पसरत गेला, म्हणून आपल्याकडे पायऱ्यापायऱ्यांचे कडे आणि सपाट माथे आहेत. तोबाचा शिलारस घट्ट, वायूने भरलेला. ७४ हजार वर्षांपूर्वी तो फुटला तेव्हा सुमारे २८०० घन किलोमीटर एवढा ऐवज बाहेर पडला. गेल्या २० लाख वर्षांतल्या सगळ्यात मोठ्या उद्रेकांत त्याची गणना होते. पोट रिकामं झालं तसं वरचं छप्पर खाली कोसळलं आणि एक प्रचंड खळगा उरला. पावसाने तो भरला. त्यानंतर खालून शिलारसाने पुन्हा जोर धरला आणि सरोवराचा तळच हळूहळू वर उचलला गेला. तेच हे बेट. म्हणून सामोसिरच्या डोंगरावर आजही सरोवराच्या तळाचा गाळ सापडतो, पाण्यातल्या सूक्ष्म शेवाळांचे अवशेष त्यात मिळतात. एके काळी जो तळ होता त्याच्यावर आज भात पिकतो आणि माणसं राहतात.

लाँच सुटायच्या आधी धक्क्यापाशी पाण्यात पोरं तरंगत होती. प्रवाशांनी नाणं टाकलं की सूर मारून ते बुडायच्या आत पकडायची आणि दातांत धरून वर यायची. लाँचवर दोन मुलगे गिटार घेऊन गात होते. तोबाकाठच्या बाताक लोकांचं गाणं इंडोनेशियाभर नावाजलेलं आहे, आणि ते ऐकताना कारण कळतं. एक आवाज उंच जातो, दुसरा त्याच्याखाली बेताने उभा राहतो. शेजारच्या बाकावर बसलेल्या आजीबाई सुपारी चघळत त्यांच्या मागोमाग गुणगुणत होत्या.

पाऊण तासाने बेट जवळ आलं. सामोसिरची पूर्वेकडची बाजू उभी, कड्यासारखी आहे, आणि गावं वसली आहेत ती कड्याच्या पायथ्याच्या चिंचोळ्या पट्टीवर. तोमोक, तुकतुक, आंबारिता. मागे डोंगर, पुढे पाणी, मध्ये भाताची खाचरं. त्या खाचरांत, रोपांच्या ऐन मधोमध, सिमेंटच्या रंगवलेल्या समाध्या दिसतात. काहींवर पारंपरिक घराच्या आकाराचं छप्पर आणि त्यावर क्रूस. नोमेन्सेन नावाचा जर्मन धर्मप्रचारक १८६२ मध्ये सुमात्रात आला. आज इथले बहुतेक बाताक ख्रिस्ती आहेत. पण पूर्वजांशी असलेलं नातं त्यांनी सोडलं नाही. अनेक वर्षांपूर्वी पुरलेल्या पूर्वजांच्या अस्थी कुटुंब पुन्हा बाहेर काढतं, धुतं, आणि सगळ्या कुळाला जमवून सन्मानाने मोठ्या समाधीत ठेवतं. दूरच्या शहरांत गेलेली लेकरंबाळं त्यासाठी परत येतात. समाधी जिथे, तिथे घराची मुळं. म्हणून ती भातातच हवी, नजरेसमोर.

तोमोकला उतरल्यावर दुकानांच्या गल्लीतून वर गेलं की सिदाबुतार राजांच्या समाध्या लागतात. अखंड दगडातून कोरलेल्या पेट्या, समोरच्या टोकाला मोठा, डोळे उघडे ठेवलेला चेहरा. आत शिरण्यापूर्वी खांद्यावर उलोस घ्यावा लागतो. उलोस म्हणजे बायकांनी मागावर विणलेलं जाड, गडद रंगाचं वस्त्र; तांबडं, काळं, पांढरं. माझ्या खांद्यावर एका म्हाताऱ्या बाईंनी तो घातला, दोन्ही हातांनी नीट बसवला आणि वरून हलकेच थोपटलं. पर्यटकांसाठी रोज होणारी गोष्ट. तरी त्या थोपटण्यात घाई नव्हती. उलोस जन्माला, लग्नाला, मरणाला दिला जातो. तो देणारा कोण आणि घेणारा कोण, याला इथे फार अर्थ आहे, हे मला दुपारी समजणार होतं.

समाध्यांपासून जवळच सिगाले-गालेचा नाच चालू होता. माणसाएवढा लाकडी बाहुला, अंगावर उलोस, पेटीवर उभा. मागे बसलेला माणूस दोऱ्या ओढतो आणि बाहुला सावकाश हात फिरवतो, मान वळवतो. गोष्ट अशी सांगतात की एका राजाचा एकुलता एक मुलगा मेला आणि राजा दुःखाने अंथरुणाला खिळला. लोकांनी त्या मुलासारखा बाहुला घडवला आणि त्याला राजासमोर नाचवलं. पूर्वी जो माणूस मूल मागे न ठेवता जाई, त्याच्या अंत्यविधीत असा बाहुला नाचत असे. ज्याच्यासाठी नाचायला कोणी नाही, त्याच्यासाठी लाकूड नाचेल. मला त्या बाहुल्याकडे फार वेळ बघवलं नाही.

आंबारितात सियालागान कुळाचं जुनं गाव दगडी गडग्याच्या आत आहे. प्रचंड हरियारा वृक्षाखाली, वडाच्याच जातकुळीतल्या, दगडी आसनं मांडली आहेत. राजा आणि वडीलधारे तिथे बसून न्यायनिवाडा करत. बाजूने घरांची ओळ. बाताक घर पाहावं ते त्याच्या छपरासाठी: दोन्ही टोकांना उंच होत गेलेलं, मध्ये खोलगट. पूर्वी ते ताडासारख्या एका झाडाच्या काळ्या तंतूंनी शाकारत, आता बऱ्याच ठिकाणी पत्रे आलेत. भिंतींवर तांबड्या, पांढऱ्या आणि काळ्या रंगांची वेलबुट्टी कोरलेली, आणि दर्शनी बाजूस चार स्तन आणि त्यांच्याकडे तोंड करून असलेली पाल. पाल कुठल्याही भिंतीवर टिकते तसा बाताक माणूस कुठेही टिकेल, पण आईकडे तोंड ठेवून राहील, असा त्याचा अर्थ सांगतात. घर खांबांवर उभं. खाली एके काळी जनावरं असत, वर जायला शिडीवजा जिना, आणि दार मुद्दाम बुटकं. वाकल्याशिवाय आत जाता येत नाही.

आत भिंती नाहीत. एकच लांबलचक, अंधारी जागा, धुराने काळवंडलेले वासे. लाकडी जमिनीवर मातीने भरलेली चौकट, आणि मातीत रोवलेले तीन दगड. चूल. आमच्या आजीची परसातली पाणी तापवायची चूल अशीच होती. मी उकिडवी बसून त्या दगडांकडे पाहत राहिले. वरच्या कडा भांड्यांच्या घासण्याने गुळगुळीत झालेल्या, आतल्या अंगाला काजळी इतकी घट्ट बसलेली की नखाने खरवडूनही निघेना. तिन्ही दगड सारखे नव्हते. एक बसका होता, त्याच्याखाली चपटी कपची सरकवून त्याची उंची बाकीच्या दोघांएवढी केलेली होती.

दुपारी तुकतुकला, पाण्याच्या काठी असलेल्या एका छोट्या खाणावळीत जेवायला बसले. मालकीण पन्नाशीतली, दणकट बांध्याची. मोडकंतोडकं इंग्रजी, बरेच हातवारे आणि अमाप उत्साह यांवर आमचं बोलणं झालं. "होरास!" असं म्हणून तिने स्वागत केलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "इनांग, तुमचं कूळ कोणतं?" इनांग म्हणजे आई; परक्या बाईला आदराने असंच हाकारतात. बाताक माणसं भेटली की आधी कुळाचा ताळा जुळवतात, कोण कोणाचा काय लागतो ते ठरवतात आणि मगच पुढे बोलतात. मी माहेरचं आडनाव सांगितलं, मग सासरचं. तिने दोन्ही नावं उच्चारून पाहिली. "म्हणजे या लोकांनी त्यांना मुलगी दिली," असं म्हणत तिने बोटाने हवेत एक रेघ ओढली आणि समाधानाने आत गेली.

जेवायला आर्सिक होतं. अख्खा मासा हळद, गवती चहा, मिरच्या आणि चवळीसारख्या लांब शेंगा घालून रस आटेपर्यंत मंद शिजवलेला, आणि त्यात आन्दालिमान. हिरवट, मिरीएवढे दाणे. पहिल्या घासाला लिंबासारखा वास आला, आणि क्षणभराने जीभ झिणझिणली, ओठ बधिरले. माझी आई वेंगुर्ल्याची. बांगड्याच्या तिखल्यात ती तिरफळं टाकायची, ती झिणझिण माझ्या जिभेच्या पक्क्या ओळखीची आहे. आन्दालिमान तिरफळाच्याच वंशातलं झाड आहे. ते तोबाच्या आसपासच्या उंचावर वाढतं, आपलं तिरफळ कोकणच्या रानात.

मालकिणीला मी तिरफळाचं सांगितलं. ती खूष झाली, समोर येऊन बसली आणि म्हणाली की हा मासा नुसता जेवणाचा नाही. लग्नात मुलीचे आईवडील मुलाकडच्यांना हा मासा देतात. उलोसही तेच देतात. वधूवरांच्या खांद्यावर घालतात. तो आशीर्वाद असतो. "आशीर्वाद मुलीच्या घरातून येतो," ती म्हणाली. "मुलाच्या घरातून येत नाही."

मग तिने टेबलावर तीन पेले मांडून मला दालिहान ना तोलू समजावलं. चुलीचे तीन दगड. बाताक समाजाची सगळी मांडणी या तीन दगडांवर आहे. पहिला दगड हुला-हुला: ज्यांच्या घरातून आपल्या घरात सून आली ते. दुसरा, आपले एकाच कुळातले भाऊबंद. तिसरा बोरू: ज्यांच्या घरात आपली मुलगी गेली ते. हुला-हुलांपुढे नमून राहायचं, भाऊबंदांशी जपून वागायचं, बोरूंना मायेने सांभाळायचं. कार्य असलं की बोरू स्वयंपाकाला उभे राहतात, वाढतात, उष्टी काढतात. हुला-हुला मानाच्या चटईवर बसतात.

"म्हणजे मुलगी देणारे कायम मोठे?" मी विचारलं.

"कायम कोणीच नाही," ती म्हणाली. "माझ्या भावाकडे कार्य असलं की मी आणि नवरा चुलीपाशी. माझ्या मुलीच्या सासरी कार्य असलं की आम्ही चटईवर, आणि जावई भात वाढतो." तिने पेल्यांची अदलाबदल करून दाखवली. प्रत्येक घर कोणाचं तरी हुला-हुला असतं आणि कोणाचं तरी बोरू. आज जो बसतो तो उद्या वाढतो. एक दगड बसका झाला तर भांडं कलंडतं.

मी जेवायची थांबले. आपल्याकडेही लग्नात देणं त्याच दिशेने जातं: मुलीच्या घरातून मुलाच्या घरात. कपडे, भांडी, दागिने, रुखवत, जेवणावळी. दिशा तीच; अर्थ मात्र पार उलटा. तिथे देणारा उंच असतो, आपल्याकडे देणारा वाकतो. आपण मुलीच्या बापाला जावयाचे पाय धुवायला लावतो. आधी वरपक्षाची पंगत उठते, मुलीकडचे मागाहून जेवतात. विहिणीचा मान राहून गेला तर त्याची आठवण पुढची वीस वर्षं काढली जाते. माझ्या लग्नात माझे सत्तरीचे आजोबा, ज्यांच्या शब्दाबाहेर आमचं अख्खं गाव जात नसे, ते मांडवात एकेका पाहुण्यापुढे जाऊन हात जोडत होते: "काही उणं-अधिक झालं असेल तर पोटात घाला." काहीही उणं झालेलं नव्हतं. त्यांनी नात दिली होती. जगात त्याहून मोठं काय देता येतं? आणि तरी हात त्यांनीच जोडले होते. तेव्हा मला त्यात वावगं काही दिसलं नाही. सगळ्यांच्या लग्नात तसंच होतं. त्या जेवणाच्या टेबलावर मला त्यांचे ते हात दिसले.

बाताक समाजात सगळं सरळ आहे असं मी म्हणणार नाही. कूळ बापाकडून चालतं, जमीन परंपरेने मुलग्यांकडे जाते, मुलगा हवा ही आस तिथेही खोल आहे. मोठ्याने बोलणारी ही मालकीण वारसाच्या यादीत कुठे असेल, हे मी तिला विचारलं नाही. वराकडच्यांनी लग्नाआधी द्यायच्या सिनामोतची घासाघीस दोन घरांना जेरीस आणते. पण ज्या घराने मुलगी जन्माला घातली, वाढवली आणि दुसऱ्याच्या दारात पोचवली त्या घराचा मान पहिला, ही गोष्ट त्यांनी रिवाजातच बांधून टाकली आहे. कोणाच्या चांगुलपणावर ती सोडलेली नाही. मनात असो वा नसो, जावयाला भात वाढावाच लागतो. आणि वाढणारे हात काही वर्षांनी वाकायचं कसं ते शिकतात.

परतीची लाँच उन्हं कलल्यावर होती. पश्चिमेला, बेटाच्या पलीकडे, पुसुक बुहित हा बाताकांचा आदिपर्वत. पहिला बाताक राजा त्याच्या पायथ्याशी राहिला असं ते मानतात आणि तिथून पिढ्या मोजत स्वतःपर्यंत येतात. त्याच डोंगराच्या उतारावर गंधकाच्या वासाचे उष्ण झरे आहेत. खालची आग अजून निवलेली नाही. पाण्यालाही इथे कोणी गृहीत धरत नाही. जून २०१८ मध्ये सामोसिरहून निघालेली एक फेरीबोट वादळी हवेत याच सरोवरात बुडाली आणि दीडशेहून अधिक माणसं गेली. बहुतेकांचे देह इतक्या खोलीतून वर आणता आलेच नाहीत. ज्या लोकांत पूर्वजांच्या अस्थी धुऊन, नटवून पुन्हा घरी आणतात, त्यांच्यासाठी त्या न मिळणाऱ्या अस्थींचं दुःख काय असेल!

अशा ठिकाणी राहणाऱ्या माणसांना एकमेकांत ओझं वाटून घेण्याची रीत शोधावी लागली असेल, असं मला वाटत राहिलं. भूगर्भशास्त्रज्ञ हसतील. ७४ हजार वर्षांपूर्वीच्या स्फोटाचा आणि लग्नात मासा कोणी द्यावा याचा काही संबंध नाही, हे मलाही कळतं. बाताक इथे आले ते त्या स्फोटानंतर कितीतरी काळाने. पण दोन्ही गोष्टी मी एकाच दिवशी, एकाच काठावर पाहिल्या, आणि माझ्यापुरत्या त्या जोडल्या गेल्या. सगळा भार एकाच जागी साठत गेला, वर झाकण घट्ट बसलेलं राहिलं, तर काय होतं ते हे सरोवर सांगतं. भार तीन ठिकाणी टेकवला आणि आळीपाळीने उचलला, तर शतकानुशतकं अन्न शिजतं, हे त्याच्या काठची गावं सांगतात. आपल्या लग्नांत सगळा भार आपण मुलीकडच्या एकाच दगडावर टेकवून ठेवला आहे. तो दगड किती पिढ्या मुकाट सोसतो आहे, आणि त्याच्या पोटात काय साठलं आहे, हे मुलींच्या बापांना विचारा. आयांना तर आधी विचारा.

रीत बदलत नाही असं कोणी म्हणालं तर मला पटत नाही. दीडशे वर्षांपूर्वी जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक विवाहाची पद्धत घालून दिली, भटजीशिवाय लग्नं लावली आणि मंगलाष्टकांत नवऱ्या मुलीला स्वतःचे हक्क मागू दिले. ते इथेच, याच मातीत घडलं. मग पंगतीचा क्रम बदलायला काय हरकत आहे?

माझ्या मुलाचं लग्न ठरलं आहे. मुलीचे आईवडील परवा घरी आले तेव्हा तिच्या वडिलांनी सवयीने विचारलं, "तुमच्याकडची मानपानाची काय पद्धत?" मी सांगितलं ते असं: मांडवात आधी आम्ही दोघं तुमच्या पाया पडू. पहिली पंगत तुमच्या माणसांची. वाढायला मी, माझे यजमान आणि तुमचा जावई. आम्ही सगळ्यांत शेवटी बसू. तिच्या आई घाबरल्या, "अहो, लोक काय म्हणतील!" म्हणाल्या. मी म्हटलं, लोकांनाही वाढू. आमच्याकडून लग्नाच्या याद्या अजून व्हायच्या आहेत, पण पंगतीचा क्रम कागदावर पहिल्या ओळीत लिहून झाला आहे.